कोपरा फाडलेलं कार्ड

सोलापूर,
ता. ३ नोव्हेंबर १९३५

चि. एकनाथ यास,
आक्काचा आशीर्वाद.

मेल आपल्या सोलापुरात थांबली ती जेमतेम दहा मिनिटं. त्यातली निम्मी तू नव्या निळ्या कोटाची बटणं दाखवण्यात घालवलीस. कोट चांगलाच आहे. सबंध मुंबई इलाख्यातून आठ मुष्टियोद्धे निवडले आणि त्यात सोलापूरचे दोघे, तू आणि शेखलाल, हे मी शाळेतल्या बायांना इतक्यांदा सांगितलं की आता त्या मला बघून वाट बदलतात.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. मी खिडकीशी डबा धरला, तू हात पुढे केलास आणि तुझा हात डब्याच्या चार बोटं अलीकडेच थांबला. डबा फलाटावर पडून शेंगाचटणी सांडली. गाडीनं हिसका दिला म्हणून तू हसलास. एकनाथा, गाडी तेव्हा उभी होती. शेखलाल डावीकडून बोलला तेव्हाही तू सगळी मान वळवून त्याच्याकडे पाहिलंस.

आबा येणार नाही म्हणाले होते, तरी आले होते. मालाच्या वजनकाट्याआड उभे होते, तुला दिसले नसतील. त्यांच्या कुस्तीच्या तालमीत कुणी मूठ वळली तर ते पोराला बाहेर काढतात आणि त्यांचाच पोरगा ठोसे मारायला परदेशी निघाला, हा राग अजून आहे. तरी घरी येताना म्हणाले, "पोराचा खांदा भरलाय की." डब्याचं त्यांनी पाहिलं नाही.

तुझ्या डाव्या डोळ्याला काय झालं आहे? खरं लिही.

तुझी
रुक्मिणीआक्का

—

कोलंबो,
ता. ८ नोव्हेंबर १९३५

आक्का,
दंडवत.

मुलींच्या शाळेत शिकवून तुझी नजर पोलिसासारखी झाली आहे. डबा पडला तो पडला. इथे सगळ्यात खोबरं घालतात, चटणीत, भातात, माशात. त्या सांडलेल्या शेंगाचटणीची आठवण काढून मी आणि शेखलाल रोज उसासे टाकतो.

पहिला सामना जिंकलो. समोर ब्रह्मदेशचा पोरगा होता, माशीसारखा चपळ. तीन फेऱ्या झाल्या आणि पंचांनी माझा हात वर केला. इथे मला कुणी एकनाथ म्हणत नाही, लोक "इंडिया, इंडिया" असं ओरडतात. अंगावर काटा येतो. रेल्वेच्या कारखान्यातल्या फिटरला अशी हाक कोण मारणार होतं? शेखलाल मात्र पहिल्याच सामन्यात हरला. आता तो माझ्या कोपऱ्यात पाणी आणि टॉवेल घेऊन बसतो.

इथवर लिहून कागद बाजूला ठेवला होता. पण तुला खोटं लिहवत नाही. मागच्या महिन्यात मुंबईत सामन्यात एका गोऱ्या शिपायाचा ठोसा डाव्या डोळ्यावर बसला. तेव्हापासून त्या डोळ्यापुढे ठिणग्या उडतात आणि खालून एक काळी कड वर चढते आहे. निघण्याआधी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा शेखलाल माझ्या आधी तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होता, ती मी पाठ करून म्हटली. डावीकडून येणारा ठोसा मला तोंडावर बसेपर्यंत दिसत नाही. नुसता वाऱ्याचा आवाज येतो. त्या आवाजाची मला फार भीती वाटते.

अजून दोनच सामने आहेत. मग मुंबईला गेल्याबरोबर डॉक्टरला दाखवतो. आबांना यातलं काही सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुझा
एकनाथ

—

सोलापूर,
ता. १२ नोव्हेंबर १९३५

चि. एकनाथ यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि पदर खोचून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मैत्रिणीच्या भावाचं म्हणून सगळं सांगितलं. काळी कड म्हटल्याबरोबर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटतो आहे. डोक्याला आणखी एक दणका बसला तर तो डोळा गेला, आणि दुसराही धड राहील याची खात्री देता येत नाही.

तेव्हापासून मी वेड्यासारखी एक डोळा झाकून सुई ओवून बघते. ओवता येत नाही. चहा कपात ओतला तर बशीत पडतो. तू एका डोळ्याने लोखंडावर कानस कशी चालवणार? उद्या दुसराही गेला तर फिटर म्हणून तुला कोण ठेवणार, आणि ठेवलं नाही तर तू काय करणार? आई गेली तेव्हा तू एवढासा होतास, तुला मी वाढवलं. मी विधवा होऊन घरी परत आले तेव्हा सगळं घर रडत होतं, तू एकटा लाडवाचा डबा घेऊन माझ्याजवळ बसला होतास. मला जगात दुसरं आहे कोण?

आबांना सांगावं असं दहादा मनात आलं. पण उन्हाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली होती, हे तुला ठाऊकच आहे. त्यांना सांगायचीही भीती आणि न सांगायचीही. एकनाथा, शिर सलामत तो पगडी पचास. तुमच्या संघाच्या साहेबांना आज सांग आणि परत ये. मी तुझ्या पाया पडते.

रुक्मिणी

—

कँडी,
ता. १६ नोव्हेंबर १९३५

आक्का,
दंडवत.

इथला सामना जिंकलो. आता फक्त शेवटचा, येत्या शनिवारी कोलंबोला, सिलोनच्याच एका पोराशी. तो दोन वर्षं इथे कुणाकडून हरलेला नाही. हत्ती गेला, शेपूट राहिलं आहे.

तू डॉक्टरकडे गेलीस हे मला आवडलं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तुझं पत्र वाचल्यापासून सरावात माझे पाय जड झाले. तुझी भीती मला लागते आक्का, लहानपणी गोवर लागावा तशी. इतक्या लांब येऊन, लोक देशाच्या नावाने हाका मारत असताना, मी डोळा दुखतो म्हणून घरी पळू का? आबांना काय तोंड दाखवू? ते मला आधीच अर्धा पैलवान समजतात.

खेळणार म्हणजे खेळणार. सामना होईपर्यंत तुझं पाकीट आलं तरी फोडणार नाही. रागावू नकोस.

एकनाथ

—

(पोस्टकार्ड. तारखेकडचा वरचा कोपरा फाडलेला.)

चि. एकनाथ यास,

लिहिण्यास हात धजत नाही. आपले आबा आज सकाळी छातीत कळ येऊन वारले. तू असशील तसा निघून ये. सुतकात सामना खेळायचा नसतो.

रुक्मिणी

—

सोलापूर,
ता. २० नोव्हेंबर १९३५

चि. एकनाथ यास,
आशीर्वाद.

हे पाकीट तू फोडणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी लिहिते. काल टाकलेलं कार्ड खोटं आहे. आबा जिवंत आहेत. आत्ता ओट्यावर बसून पोरांना शिव्या देत आहेत.

शेजारच्या गोजाबाईच्या नवऱ्याच्या डोक्याला मागे कावळा शिवला होता. अपशकुन टळावा म्हणून त्यांनी तो मेल्याचं कार्ड, कोपरा फाडून, तिच्या भावाला मंगळवेढ्याला पाठवलं. रीतच आहे ती. नातलग रडले की अरिष्ट टळतं, मग दुसऱ्या कार्डानं खरं कळवायचं. तो भाऊ ज्वारीची काढणी टाकून धावत आला होता. गोजाबाई हे हसत सांगत होती आणि माझ्या मनात भलतंच आलं. पाकीट न फोडता ठेवता येतं, कार्ड वाचल्यावाचून राहवत नाही. आणि सुतक म्हटल्यावर तू खेळणार नाहीस. घरच्या कुणालाच कळू नये म्हणून कार्ड स्टेशनावर जाऊन गाडीच्या टपालडब्यात टाकलं.

पण आज सकाळी आबा तालमीच्या पायरीवर एकदम बसले. छाती धरली, घाम फुटला. माझंच अक्षर त्यांना बाधलं असं वाटून मी घरातून पाण्याचा तांब्या आणला. पाणी पिऊन थोड्या वेळाने ते उठले, पण मी तशीच तारघरात धावले. "फादर वेल" एवढीच तार केली. कार्डाचं काही लिहिलं नाही, कारण तारमास्तर रोज आबांच्या तालमीत येतात आणि मला लाज वाटली. तार कार्डाच्या आधी पोचेल, म्हणजे कार्ड हातात पडलं तरी ते जुनं आहे हे तुला आपोआप कळेल.

आता मी तुला अडवण्याजोगी राहिले नाही. तरी खेळू नकोस.

रुक्मिणी

—

कोलंबो,
ता. २१ नोव्हेंबर १९३५

आक्का,
दंडवत.

काल तुझी तार आली. तार म्हटल्याबरोबर मला ती फोडवेना. शेखलालने फोडली तर आत आबा बरे आहेत एवढंच. त्यांना काही झालं होतं का? पुन्हा छातीत कळ आली होती का? बरे आहेत म्हणतेस म्हणजे बरेच असतील.

तुला एक सांगतो, रागाने लिहिलेलं मागचं पत्र फाडून टाक. आज सरावानंतर शेखलालने डावीकडून गमतीने ओला टॉवेल माझ्याकडे फेकला. तो तोंडावर आपटेपर्यंत मला दिसला नाही. शेखलाल हसला नाही, मीही हसलो नाही. मग तो म्हणाला, "एकनाथ, टॉवेल होता म्हणून बरं."

उद्या सकाळी साहेबांना सगळं सांगून टाकणार आहे, तक्ता पाठ केला होता तेसुद्धा. माझ्या जागी कुणी खेळो न खेळो. मला भीती वाटते आणि ती वाटते असं कबूल केल्यावर फार हलकं वाटलं. घरी येऊन आबांना मीच सांगेन. चार शिव्या देतील, देऊ देत. सोमवारच्या गाडीने निघतो. भाकरी करून ठेव.

तुझा
एकनाथ

—

कोलंबो,
ता. २५ नोव्हेंबर १९३५

रुक्मिणीआक्का यांस,
शेखलालचा सलाम.

हे पत्र मला लिहायला लागावं हे नशीब. एकनाथ जिवंत आहे, आधी तेवढं वाचा.

शुक्रवारी सकाळी त्याने साहेबांना सांगितलं, मी खेळत नाही. साहेब चिडले, मग त्यांनी पाठीवर हात ठेवला. दुपारभर एकनाथ गाणी म्हणत ट्रंक भरत होता. संध्याकाळी तुमचं कार्ड आलं. कोपरा बघून तो आधीच खाली बसला. तार आठवली तशी म्हणाला, परवा बरे होते म्हणजे बरे होऊन गेले. मी तारीख शोधली. तारीख तर फाडलेल्या कोपऱ्यावर गेली होती आणि शिक्का नुसता काळा डाग होता. कार्ड तारेच्या आधीचं असेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मी म्हणालो, चल, स्टेशनावर नेतो. तेव्हा त्याने तालमीतली गोष्ट सांगितली. तुमच्या आबांनी वळसंगच्या जत्रेतल्या कुस्तीचा विडा उचलला होता आणि त्याच सकाळी त्यांचे वडील वारले. अग्नी देऊन ते तसेच जत्रेत गेले, कुस्ती मारली आणि मग येऊन डोकं भादरलं. ही गोष्ट आबा तालमीत पोरांनाच सांगतात. तालमीत बायकांना मज्जाव, तुम्हाला कुठून ठाऊक असणार? एकनाथ म्हणाला, "मी उद्या पळालो तर आबा वर गेल्यावरही मला अर्धाच म्हणतील." आणि तो पुन्हा साहेबांकडे गेला. त्यांनी डोळ्याचं विचारलं, तर सकाळी आपण भ्यालो होतो म्हणून तसं बोललो असं त्याने सांगितलं. त्याच्या वजनाचा दुसरा कुणी नव्हताच, त्यांनी नाव तसंच ठेवलं. शनिवारी सकाळी तुमचं पाकीट आलं. ते त्याने न फोडता ट्रंकेत टाकलं. मी काही बोललो नाही, हे मला जन्मभर खुपणार.

पहिली फेरी त्याने मारली. दुसऱ्या फेरीत त्या पोराचा उजवा हात तीनदा त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. तिसऱ्या फेरीआधी हार कबूल म्हणून मी टॉवेल फेकणार होतो, त्याने माझं मनगट असं धरलं की बोटं बधिर झाली. तो जिंकला. पंचांनी हात वर केला, सगळी इमारत ओरडत होती आणि मी समोर उभा असताना तो मला भलतीकडे शोधत होता.

आता तो डोळ्यांच्या इस्पितळात आहे. डावा अंधारला आहे. उजव्याच्याही कडेला सावली धरली आहे. दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्याला उताणा निजवला आहे. मान हलवायची नाही, उठायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. काही आठवडे असा पडून राहिला तर उजवा वाचेल. उठला तर तोही जाईल, असं डॉक्टर बजावून सांगतात.

काल मी तुमचं पाकीट फोडून त्याला वाचून दाखवलं. आबा जिवंत आहेत हे ऐकून तो उठून बसेल अशी भीती होती. तो हललासुद्धा नाही. म्हणाला, "आक्काला कुणीतरी तार केली असेल. मी रडू नये म्हणून तिनेच तुला हे सांगायला लावलंय, पाकिटात ते नाहीच." वीस तारीख आहे असं मी सांगितलं तर म्हणाला, तारीख काय, कुणीही घालतं. मी कुराणाची शपथ घेतली. तो म्हणाला, तूही तिला सामील आहेस.

आक्का, तो समुद्रावर जाऊन पिंड द्यायचे आणि डोकं भादरायचं म्हणतो. दोनदा त्याने वाळूच्या पिशव्या सारल्या. मी रात्रंदिवस त्याचे खांदे दाबून बसतो, पण मी झोपलो तर? तुमचा शब्द आता चालत नाही, माझाही चालत नाही. काय करायचं ते लवकर करा. मला फार भीती वाटते आहे.

आपला
शेखलाल

—

सोलापूर,
ता. २९ नोव्हेंबर १९३५

एकनाथास हरिबा वस्तादाचा आशीर्वाद.

शेखलाल, हे त्येला मोठ्यानं वाचून दाव. कुटं अडलास तर पुन्यांदा वाच. माजं अक्षर वाकडं हाय. रुक्मीकडनं लिवून घेणार व्हतो, पर आता तिच्या अक्षरावर त्यो इस्वास कसा ठेवंल?

एकनाथा, मी मेलो न्हाय. काल रुक्मीनं शेखलालचं पत्र वाचून दावलं आनि माज्या पायावर डोकं ठिवलं. समदं सांगितलं. मी हात उगारला व्हता. मग तिच्याकडं बगितलं. पोरगी वाळून काटकी झालीया. हात खाली घेतला. तू बी तिला काय बोलू नगंस. तिचा जीव तुज्यापायीच घाबरला.

वळसंगच्या कुस्तीची गोष्ट खरी हाय. पर ती पोरांस्नी सांगायची गोष्ट हाय, पोरांनी करायची न्हवं. माजा बाप तर गेलेला व्हता, माजे डोळे धड व्हते. तुजं तसं न्हाय.

तू जिकलास म्हनं. मूठ वळून का हुईना, जिकलास. अर्धा पैलवान मी तुला कदी म्हनलो न्हाय. तुला तसं वाटलं आसंल तर माजं बोलनं चुकलं.

आता वस्ताद सांगतो ते ऐक. पाठ टेकायची न्हाय, ह्ये मी तुला चालाया यायच्या आदी शिकिवलं. तालमीत येणाऱ्या हरेक पोराला त्येच शिकिवलं. आज मीच सांगतो, पाठ टेकून पडून ऱ्हा. डाक्तर उठ म्हनंपतूर टेकून ऱ्हा. ह्यात हार न्हाय.

ह्ये पत्र बी खोटं वाटंल तुला. वाटू दे. पत्रावर इस्वास ठिवूच नगंस. मी उद्याच्या मेलनं निगतोय, संगं रुक्मी हाय. मी कदी आगबोटीत बसलो न्हाय, पर येतो. तुज्या खाटंशी यिऊन बसंन. आवाज ऐकून खरं मानू नगंस, आवाज कुनी बी काडतं. तू फकस्त हात वर कर, मान हलवू नगंस. मी वाकतो. माजा डावा कान चाचपून बग. कुस्तीत मोडून मोडून त्येचा निस्ता गोळा झालाय, तसला कान कुनाला उसना आनता येत न्हाय. मग तरी तुजी खात्री पटंल की.

साऱ्या जल्मात मी कुना म्होरं म्हनलो न्हाय ते तुला म्हनतो. मला लई भ्या वाटतंय. मी तितं येईपतूर हलू नगंस, पोरा.

हरिबा